एकाच अक्षराच्या दोघी

रविवार, ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आई आता काठीशिवाय चालते हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. प्रयोगशाळेतला मोठा फ्रीझर पुन्हा रुसला आणि आम्ही नमुन्यांचे डबे कडेवर घेऊन मजले चढत होतो. तुझा भाचा माझ्यापेक्षा उंच झालाय. तोराही तेवढाच वाढलाय.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. निवड समितीने कळवलंय की तू नोकरीच्या अर्जात दाखवलेला पेपर दुसऱ्याच संशोधिकेच्या नावावर आहे. म्हणजे तुला सरळसरळ चोर म्हटलंय. तू लिहितेस, "ताई, माझ्याकडे आता संस्थेचं खातं नाही, समितीने दिलेलं पान उघडत नाही. ही दुसरी बाई कोण, जरा शोध ना."

शोधायला लांब जावं लागलं नाही. ती बाई मी.

ट्रंकेवर नाव एकदाच रंगवावं लागावं म्हणून बाबांनी आपल्याला एकाच अक्षराने सुरू होणारी नावं ठेवली. त्यांची काटकसर! तेव्हा माझा विटलेला रेनकोट तुला यायचा आणि तू नाक मुरडून घालायचीस. पेपरवरही आडनाव आणि तेच एक अक्षर छापतात. सायटेशन मोजणाऱ्या यंत्रणेने आपल्याला एकच बाई धरलं आणि तुझा पेपर माझ्या पानावर चढवला. तुटलेला डीएनए पेशी कसा सांधते तो, तू रात्री जागून, डोळे लाल होईपर्यंत केलेला. सहाशेवर लोकांनी त्याचा आधार घेतलाय. माझे सगळे पेपर मिळून शंभरी गाठत नाहीत.

चूक यंत्राची होती, हे खरं. पण प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत अध्यक्ष म्हणाले, "बाई, या एका पेपरने नाव काढलंत हो!" आणि मी "धन्यवाद" म्हणाले. कुणाचं नाव, ते सांगायला तोंड उघडलंच नाही. पद मिळालं, पेढे वाटावेत तसं फोन करून सगळ्यांना सांगितलं. तुलाही. तू केवढी खूश झालीस गं! वाटलं, तू काही आता संशोधनात परत येत नाहीस, कुणाचं काय बिघडतंय?

आईला सांभाळायला तू काम सोडलंस, कारण माझं "करिअर ऐन भरात" होतं. तेव्हाही मी गप्प बसले. मला लाज वाटते, धाकटे. नुसतं लिहून ती जात नाही, हेही कळतं.

आज सकाळी यंत्रणेला दुरुस्ती कळवली. तुझ्या समितीला आणि आमच्या संचालकांना सगळं खरं लिहून पाठवलं. संचालकांनी उद्या बोलावलंय. खुर्ची बहुधा जाईल. कँटीनमध्ये लोक चहाबरोबर मला चघळतील, चघळू देत. समितीने तुझा अर्ज पुन्हा उघडला नाही तर मी स्वतः जाऊन त्यांच्या दारात उभी राहीन.

लहानपणी माझं जुनं तू घातलंस. मी मात्र तुझं नवंकोरं अंगावर चढवून मिरवले, आणि घट्ट होतंय हे कळूनही काढलं नाही.

खाली सही काय करू? ते अक्षर तुझंही आहे, आणि ताई म्हणवून घ्यायचा धीर होत नाही. जागा मोकळी ठेवते. तुला योग्य वाटेल ते तूच लिही.

तुझी