तू शिकवलेलं उत्तर

प्रिय माय,

तुला जाऊन दोन वर्षं, एक महिना आणि नऊ दिवस झाले. तुला वाचता येत नव्हतं आणि मला पत्रं लिहायची सवय नाही. तरी आज रविवारी सकाळी लिहायला बसलोय, कारण परवा दवाखान्यातल्या मॅडमनी मला अकरा प्रश्नांचा एक कागद दिला आणि त्यातल्या एकाचंही उत्तर मला येत नाही.

मूल पहिला शब्द कधी बोललं? हाक मारली की वळून बघायचं का? कडेवर घेतलं की अंग ताठ करायचं का? पोरांत खेळायचं का एकटंच? खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ही माहिती शक्यतो आईकडून घ्यावी.

आता आईकडून कशी घेऊ, सांग ना.

मॅडम म्हणाल्या, "आठवत नसेल तर कोरं सोडा." कोरं सोडा म्हणे. एकोणीस वर्षं कंपनीत तपासणीचे तक्ते भरतोय मी. आजवर एक रकाना कोरा सोडलेला नाही.

मॅडमनी माझ्या असण्याला एक नाव सांगितलं. ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, आणि तो शब्द मला अजिबात पटलेला नाही. मी कसला स्वतःत मग्न? मला तर बाहेरचंच जास्त ऐकू येतं. ट्यूबलाइटची गुणगुण, तिसऱ्या घरातला कुकर, बसमध्ये मागच्या सीटवर कोणीतरी चावत असलेले फुटाणे. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे नाव कळलं. त्याच्या जोडीला घाबरायचा आजार आहे, अँग्झायटी. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक एकत्र कालवतात म्हणून सांगतो. पहिली आजार नाही, मी जन्माचा तसा आहे. दुसरीला गोळी आहे.

तू आपलं एवढंच म्हणायचीस, "माझा काशा येगळा हाय. येडा नाय." तेवढं म्हणायचीस आणि तरी देवऋषी केलास, पैठणला नेलंस, खुलताबादच्या दर्ग्यात नेऊन दोरा बांधलास. एसटीच्या आवाजानं मी कानात बोटं घालायचो, तेव्हा माझ्या हातांवर तू तुझे हात दाबून धरायचीस. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमच्या आईला उपाय माहीत होता. मग सगळ्या गावाला सांगत फिरण्याआधी मलाच एकदा नीट बसवून का नाही सांगितलंस, की बाबा, तुझं हे असं असं आहे?

आता माझी खरी तक्रार ऐक. तू मला एक उत्तर शिकवलंस आणि त्यापायी मी पार खड्ड्यात गेलो.

मी नऊ वर्षांचा असेन. कन्नडला मामाच्या पोरीचं लग्न होतं. मांडवात कोणी कसं काय विचारलं की मी खरं ते सांगायचो. पोट दुखतंय. बँड नको वाटतोय. तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास येतोय. हे शेवटचं मोठ्या मामाला सांगितलं, आणि मामा तीन वर्षं आपल्या दारात आला नाही. दुसऱ्या दिवसापासून तू मला ओट्यावर बसवून धडा घ्यायला लागलीस.

"कसं हाय म्हणलं तर काय म्हणायचं?"

"काल ताप होता."

"नाय. बरं हाय म्हणायचं. आन् तुमचं कसं हाय म्हणून इचारायचं. मंग गप बसायचं."

"पण ताप होता ना."

"ताप मला सांग. लोकांला नाय सांगायचा."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाय लेका, रीत हाय ती. आन् डोळ्यात बघाया जमत नाय तर कपाळाकडं बघ. कोनाला कळत नाय."

अडतीस वर्षं मी लोकांच्या कपाळाकडं बघतोय. खरंच कोणाला कळलं नाही. एवढं तुझं बरोबर निघालं.

पण तू होतीस तोवर ह्या उत्तराचे दोन भाग होते. बाहेर "बरं आहे", आणि घरी आल्यावर तुझ्यापाशी खरं. दिवसभर गिलाव्याची घमेली वाहून तू यायचीस, पाय पसरून बसायचीस आणि विचारायचीस, "हां, आता सांग." दुष्काळात शेरडं सोडून ह्या शहरात आलेली बाई, सिडकोतली अर्धी घरं तुझ्या डोक्यावरून वर गेली, तरी संध्याकाळी माझं ऐकायला तुला बळ असायचं. तू गेलीस आणि दुसरा भाग बंद पडला. पहिला तेवढा चालू राहिला. हे असं होईल, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही?

तू गेलीस त्या दिवशी मी रडलो नाही. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "दगड हाय ह्यो." चौकात लावलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर तुझा फोटो उलटा छापला होता, नाकातली चमकी उजवीकडं गेली होती. मी तो उतरवायला लावला, दुसरा छापून आणला, मग माती द्यायला आलो. लोकांना त्याचाही राग आला. माय, तुझी चमकी डावीकडं होती. ती डावीकडंच दिसायला पाहिजे होती.

पुढं मला झोप येईना, हात थरथरायला लागले. माझ्या कामात हात थरथरून चालत नाही. तुला मी काय काम करतो ते कधी नीट कळलं नाही, "मोजतो" एवढंच सांगायचीस लोकांना. दुचाकीचे सुटे भाग मोजतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडं का तिकडं, ते सांगतो. शाळा दहावीपर्यंत. ड्रॉइंग वाचायला मी रद्दीतल्या पुस्तकांवरून शिकलो आणि मायक्रोमीटर धरायला स्वतःच्या चुकांवरून. डिप्लोमावाली पोरं अडली की माझ्याकडं येतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तसं आहे म्हणून सांगतो.

आमच्या कंपनीत लेथवर शकीलभाई आहे. आम्ही रोज एकाच बसनं जातो. तो बोलतो, मी खिडकीबाहेर बघतो. माझे हात बघून तो मला डॉक्टरांकडं घेऊन गेला आणि सगळं त्यानंच सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या, फरकही पडला. पुढच्या पाच वेळा मी एकटा गेलो.

"काय काशिनाथराव, कसं आहे?"

"बरं आहे. तुमचं?"

डॉक्टर खूश. गोळी अर्धी केली. पुढच्या महिन्यात परत, "कसं आहे?" परत, "बरं आहे. तुमचं?" गोळी पाव. पाचव्या वेळेला बंदच केली. त्या पाचही वेळा माझ्या खिशात घडी केलेला कागद होता. झोप साडेतीन तास. छातीत धडधड, दिवसातून चार वेळा. सोमवारी बसमधून दोन थांबे आधीच उतरलो. सगळं वारांसकट. त्यांनी कागद मागितला नाही, मी दिला नाही. बाहेर पुढच्या पेशंटची घंटी वाजायची आणि मी उठायचो.

मूर्खपणा आहे ना? मलाही आता तसंच वाटतं. पण त्या खुर्चीत बसलो की तुझा ओटाच आठवायचा. आणि तो धडा मला पाठ होता.

त्यात यंदा परत पाऊस नाही. आपल्या गल्लीत आठव्या दिवशी पाणी यायचं, ते आता नवव्या, कधी अकराव्या दिवशी येतं. शहर मात्र सातारा-देवळाईच्या डोंगराला जाऊन भिडलंय. जिथं लोकांची शेरडं चरायची तिथं पाचमजली इमारती आणि खाली टँकरची रांग. आठ दिवसांनी एकदा पाणी, हे मला चालतं. मी तसे हंडे लावतो. "येईल की आज-उद्या" हे मला चालत नाही. त्या आज-उद्यात मला दुसरं काही सुचतच नाही. तू नळापाशी बसायचीस म्हणून मला हे कधी कळलंच नव्हतं.

गोळी बंद झाली आणि त्याच महिन्यात कंपनीत नवी मशीनं आली. माझी तपासणीची खोली त्यांना दिली आणि माझं टेबल बाहेर, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या शेजारी. आमचे सुपरवायझर कुलकर्णी साहेब म्हणाले, "दहा पावलं बाहेर बसायचंय, काशिनाथराव. लंडनला पाठवत नाही तुम्हाला." सगळे हसले. प्रेसचा ठोका एका लयीत असता तर मी निभावलं असतं. तो मधेच चुकतो. दहा ठोके, मग थांबा, मग तीन. पुढचा कधी पडेल ह्याच्याकडंच माझे कान.

तीन आठवडे काढले. चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी एक अख्खा लॉट नापास केला. माल चांगला होता. सकाळी मायक्रोमीटरचा शून्य तपासायचा मी विसरलो होतो. नवशिका पहिल्या दिवशी विसरत नाही, ते मी एकोणिसाव्या वर्षी विसरलो. कुलकर्णी साहेब एवढंच म्हणाले, "तुमच्याकडून?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी भंगाराच्या पिंपांमागं जाऊन बसलो, कानांवर हात दाबून. एक तास दहा मिनिटांनी शकीलभाईनं शोधून काढलं.

"क्या हुआ रे काशी?"

"बरं आहे. तुमचं?"

"मेरा छोड. तू नीचे कायकू बैठा?"

तू त्या "कायकू"चं उत्तर शिकवलंच नव्हतंस.

त्यानं मला तसंच डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, पण हे तर दर वेळी बरं आहे म्हणत होते. शकीलभाई भडकला. "डॉक्टरसाब, ये बंदा झूठ नहीं बोलता. पर ये 'बरं आहे' इसका सलाम है. जवाब नहीं है." आणि बसमध्ये मी रोज लिहायचो तो कागद त्यानं माझ्या खिशात हात घालून काढला आणि टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. माफी मागितली. मग गोळी परत सुरू केली आणि मनाच्या तपासण्या करणाऱ्या मॅडमकडं पाठवलं.

मॅडमच्या त्या अकरा रकान्यांचं काय केलं ते सांगतो. काल बसून प्रत्येकात एकच लिहिलं: आई हयात नाही, तिला माहीत होतं. अकरा वेळा लिहिलं. सातव्या वेळी रडू आलं. दोन वर्षं उशिरा आलं, पण आलं. काकांना सांगणार नाही, त्यांना हिशोब द्यायला मी बांधील नाही.

आता उद्याचं. कुलकर्णी साहेबांनी सोमवारी सव्वानऊला बोलावलंय. "बाहेर जमतंय का नाही ते सांगा. नसेल जमत तर पॅकिंगला जा, तिथं डोक्याला ताप नाही." पॅकिंग म्हणजे खोक्यांना चिकटपट्टी. माझ्या डोक्याला तापच पाहिजे, माय, मला आवाज नकोय. मॅडमनी चिठ्ठी दिली आहे. शांत जागा, कानात बोळे घालायची परवानगी, आणि काही बदलायचं असेल तर एक दिवस आधी लिहून कळवणं. तीनच गोष्टी. ही मेहरबानी नाही, मायक्रोमीटरलासुद्धा धूळ आणि ऊन चालत नाही म्हणून आपण त्याला पेटीत ठेवतो.

शकीलभाई म्हणाला, "तू मत बोल. मैं समझाता हूँ साहब को. तेरी माय भी तो बोलती थी तेरे लिए."

म्हणूनच मी त्याला नाही म्हणालो. सोबत ये, म्हटलं, आत माझ्या शेजारी बस, पण बोलू नको. मी अडलो तर अडू दे. गप्प बसलो तर तूही गप्प बस. साहेब थांबतील, नाही तर उठून जातील.

तुला शब्द देतो. उद्या मला काय होतं ते मी माझ्या तोंडानं सांगेन. आवाज कापेल, तो थांबवणं माझ्या हातात नाही, म्हणून त्याचं वचन देत नाही. साहेब नाही म्हणाले तर मंगळवारी परत जाऊन तेच सांगेन, आणि तेव्हाही नाही म्हणाले तर बुधवारी.

तुझा,
काशिनाथ