उलटे सेल

प्रिय कुंदन,

पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे, पटकन सांग" म्हणतोस, आणि हे पटकन सांगण्यासारखं नाही. शिवाय फोन दादांच्या खाटेशेजारीच असतो. त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायची खोड बायको-मुलासकट आपल्या सगळ्यांना लागली आहे, ती मला मोडायची आहे. योगिनीलाही हे वाचायला दे, सुनेपासून मला काही लपवायचं नाही. नातीला, साक्षीला दिलंस तरी हरकत नाही.

दिवाळीत तू त्यांच्या जुन्या तीन सेलच्या बॅटरीला एलईडीचा बल्ब बसवून दिलास तेव्हा ते किती खूश झाले होते, आठवतं का? अंगणात उभं राहून त्यांनी झोत थेट शेवग्याच्या शेंड्यावर टाकला. "लय पांढरा उजेड हाय, आता चाळीतला एकेक कांदा दिसंल," असं म्हणाले, आणि जुना पिवळा बल्ब टाकून न देता कागदात गुंडाळून माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. कांद्याच्या चाळीत भर दुपारीसुद्धा मधल्या भागात काही दिसत नाही, हे तुला सांगायला नको. रोज सकाळी चहाच्या आधी ते फटीफटीतून झोत टाकायचे, नाक लावायचे आणि कुठे ओल धरतेय ते बरोबर ओळखायचे. त्या कामाला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. तुला तर नाहीच.

मग आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण आला. चाळ नुकतीच भरलेली, देवळ्याहून माझा भाऊ पुंजारामदादा सहकुटुंब आलेला, अंगणात पंधरा-वीस माणसं. दादा मोठ्या हौसेने आपल्या मेव्हण्याला चाळ दाखवायला निघाले. दिवाळीत तू घातलेले सेल संपले होते, म्हणून बॅटरीत नवे सेल घातले, बटण सरकवलं, उजेड पडेना. हातावर आपटली, झाकण आवळलं, तरी नाही. तू त्यांच्या हातातून ती घेतलीस, झाकण काढलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलास. "अहो दादा, तिन्ही सेल उलटे! आता बॅटरीपण लावता येईना का?" मंडळी हसली. मीही हसले, कुंदन. पदर तोंडाला लावून हसले, पण हसले. दादा एवढंच म्हणाले, "मी तर चाळीस वर्सं असेच घालतो." ते कुणी ऐकून घेतलं नाही, कारण तोवर तू सेल सुलटे करून बॅटरी लावून दाखवली होतीस.

त्या दिवसापासून आपण त्यांच्या चुका वेचायला लागलो. साक्षीला एकदा योगिनी म्हणाले, ते हिशेबात धरलं. चष्मा देव्हाऱ्यात विसरले, तेही धरलं. माणसाला सत्तरीत एवढं होतंच, पण आपल्याला सुरुवात मिळाली होती ना! तू त्यांना नाशिकला डॉक्टरांकडे नेलंस, मी अर्ध्या उघड्या दाराबाहेर बसले होते. आत गेल्या गेल्या तूच सांगितलंस, "यांना आता बॅटरीत सेलसुद्धा घालता येत नाहीत." मग त्यांना तारीख विचारली, वार विचारला, घड्याळ काढायला लावलं. तू शेजारी हाताची घडी घालून उभा. त्यांचे काटे चुकले. गोळ्या सुरू झाल्या. सकाळी नऊ-नऊ वाजेपर्यंत ते गुंगीत असतात. चाळ तू तुझ्या चुलतभावाकडे, अमोलकडे सोपवलीस. तो मोबाइलचा उजेड बाहेरूनच फिरवायचा आणि "सगळं ओके, काकू" म्हणून निघून जायचा. श्रावणात दादा दोनदा म्हणाले, मधल्या कप्प्याला वास मारतोय. मी त्यांना गोळी घेतली का विचारलं. पुढच्या आठवड्यात त्या कप्प्याखालून काळं पाणी गळायला लागलं.

एवढं होऊनही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता. तो परवा पडला. कणगीमागे किल्ल्या पडल्या म्हणून मी बॅटरी घेतली. सेल संपलेले. नवे घातले, घाईत तेही उलटे गेले, लागली नाही. सुलटे केले, लागली. आणि मग कोण जाणे का, मी ड्रॉवर उघडून तो जुना बल्ब काढला. तो बसवला. सेल सुलटे घातले, लागला. उलटे घातले, तरी लागला. चांगला पिवळाधमक. पुन्हा तुझा बल्ब, पुन्हा त्यांचा, असं सात वेळा करून पाहिलं. जुन्या बल्बला सेल कसेही चालतात. तुझ्या बल्बला एकाच बाजूने चालतात. सेलचं टोक बल्बकडे ठेवलं की हिसक्याने उजेड विझतो, चपटं बूड ठेवलं की नीट टेकतं, असं ते लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मला सांगत होते. म्हणजे ती चूक नव्हती, ती त्यांची रीत होती. बल्ब तू बदललास आणि वेड त्यांना लागलं!

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्यावर सेल आणि बल्ब काढून शिकवले. तू इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर, अंबडला कंपनीत पॅनेल बनवतोस. आपल्या दोघांना हे कळू नये? कळलं नाही असंही मी म्हणणार नाही. आपण पाहिलंच नाही. म्हातारा चुकला हे इतकं सोयीचं होतं.

रविवारी तू गाडी घेऊन येणार, आम्हाला कायमचं पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर नेणार, घराला कुलूप लावणार, असं ठरलंय. ये. पण आम्ही त्या गाडीत बसणार नाही. त्या गोळ्यांसाठी दुसरा डॉक्टर मी स्वतः गाठेन, आणि या वेळी आत मी जाईन. तुला बोलावतेय ते वेगळ्याच कामासाठी. काल मी दादांना समोर बसवलं, दोन्ही बल्ब लावून दाखवले, तुमचंच बरोबर होतं म्हणाले. ते शांतपणे पाहत राहिले आणि म्हणाले, "आसू दे. माझंच चुकलं आसंल." मी समजूत काढतेय असं वाटलं त्यांना. पुंजारामदादाला मी रविवारचं बोलावलंय, आखाजीला होते त्या सगळ्यांना घेऊन ये म्हटलंय. त्या सगळ्यांसमोर, त्याच अंगणात, तू स्वतःच्या हाताने जुना बल्ब बसव, तिन्ही सेल उलटे घाल आणि बॅटरी लाव. मग मोठ्याने सांग, हसला होतास तेवढ्याच मोठ्याने, की दादा बरोबर होते. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना ते पटणार नाही. आणि उशीर करू नकोस. आज सकाळी विहिरीची मोटर चालू करायला गेले आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन त्यांनी मला विचारलं, "हिरवं बटन दाबू का लाल?" ती मोटर त्यांनी स्वतः बसवलेली आहे.

तुझ्यावर आणि स्वतःवर सारखीच चिडलेली, तरी तुझीच,
आई