सळई

१२ जून
सिंधु, तू वही दिलीस त्याला पंधरा दिवस झाले आणि पहिलं पान आज लिहितो. उशीर झाला, राग धरू नको. चौथी शिकलेल्याचा हात लवकर चालत नाही.
लातूर झकास आहे. ऋतुजाच्या क्लासमागच्याच गल्लीत गुरुपादप्पांची वरची खोली मिळाली. तुझी लेक अभ्यास करते, मी भाकरी थापतो. गुरुपादप्पा मला विचारतात, डॉक्टर नात होणार का आजोबा? उजवा डोळा तेवढा जरा पुढं आलाय. ऋतुजा म्हणते, "आजोबा, तुमचा एक डोळा माझ्यावर पाळत ठेवून हाय."

१९ जून
तिनंच मला दवाखान्यात ओढून नेलं. मनस्विनी मॅडमनी मोठ्या मशीनमध्ये फोटो काढला. डोळ्यामागं हरभऱ्याएवढी गाठ आहे. साधी की वाईट, हे तुकडा काढल्याशिवाय कळत नाही. वाईट असली तर डोळा जाईल, वेळ घालवला तर जीवही. मशीनवर बघत बघत डोळ्याच्या कडेनं सुई आत घालतात. ऋतुजानं चित्र काढून समजावलं. मी म्हणालो, भूकंपात आम्ही ढिगाऱ्यात सळया घालून खाली कोण आहे बघायचो, तसंच की. तिनं चित्र उलटं करून ठेवलं. बोलायला नको होतं.

२३ जून
सुई झाली. भूल दिली होती, दुखलं नाही. छतावरच्या काळ्या ठिपक्याकडं बघत राहायचं, डोळा हलवायचा नाही. मग मॅडमचा हात थांबला. त्या शेजारच्या बाईला हळूच म्हणाल्या, "सुई सुटेना."
नंतर सुटली. विचारलं तर हसल्या, म्हणाल्या गाठ चिवट असते. नमुना कमी आलाय, सोमवारी पुन्हा.
पण मला ती ओढ कळली. पलीकडून कुणीतरी धरलं होतं.

२४ जून
डोळ्यावर पट्टी आहे आणि पट्टीखालून दिसतं. ऋतुजा म्हणते, सूज हाय, होतं असं.
माती दिसते. दगडाला दगड टेकलेला, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. वर सागाची तुळई. ती मीच बसवली होती, आपल्या माजघरात.

२५ जून
तुला कधी सांगितलं नाही ते लिहितो. तुझी आई गल्लीत सापडली. तोंड ओळखू येत नव्हतं. गौरीच्या सणाला घेतलेल्या हिरव्या लुगड्यावरून मी ओळखलं. तेव्हा जवानांची सळई आपल्याच ढिगाऱ्यात होती. मी सांगितलं, "माझी बायको सापडली, पुढच्या घराकडं जा." त्यांनी सळई काढून घेतली.
गौरीला फेरीवाल्याच्या एकाच गठ्ठ्यातून अर्ध्या गल्लीनं तीच लुगडी घेतली होती. हे मला तेराव्या दिवशी सुचलं. तोवर ढिगारे सपाट झाले होते. मी गप्प बसलो. तू नऊ वर्षांची होतीस.

२६ जून
आज सळई आली. वरून, उजेड घेऊन. एका हातानं ती धरली — हिरव्या बांगड्या, मनगटावर तुळशीचं गोंदण. तुझ्या आईचं, तुळजाबाईचं गोंदण. धरून हलवली, दोनदा. मग सळई वर गेली. हात तिच्यामागं —
वर माणूस बोलत होता. आवाज माझा होता.

२७ जून
खाली रिक्षा उभी आहे. ऋतुजा हाका मारते.
नाही गेलो तर गाठीचं कळत नाही. गेलो तर ती खालून सुई धरणार — आता सोडणार नाही. आणि मी डोळा हलवायचा नाही —
ही पानं गुरुपादप्पांजवळ देतो, किनवटच्या गाडीनं तुझ्याकडं पाठवतील. सिंधु, लवकर कळव. चितेवर ठेवताना तू जवळ होतीस. त्या बाईच्या मनगटावर गोंदण होतं का — की तूही नुसतं लुगडंच —