गुरम्मांचा अडकित्ता आणि खांबावरचे बोट

सोलापूर, मंगळवार

चि. मल्लिकार्जुन यास,

दाक्षायणीचे पोटभर आशीर्वाद. सौ. सुंदरम्मा आणि नव्या बाळीची दृष्ट काढ. बारशाच्या पंगतीत वाकून वाढताना तुझी कंबर भरली होती, ती आता सुटली असेल. (सुटली नसेल तरी प्रवास करता येईल इतकी सुटायलाच हवी, कारण पुढे येईल.) सिद्धरामेश्वराच्या कृपेने इकडे सर्वांच्या प्रकृती ठणठणीत आहेत, फक्त सासूबाईंचे डोके आणि माझी झोप सोडून.

तुझ्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर त्या तपासाच्या मालिकेचा पहिला भाग पाहिला आणि माझे डोळेच उघडले. मेलेला शेठ राहिला बाजूला, पण ती पांढऱ्या डगल्यातली माणसे कपबशीवर भुकटी टाकून, ब्रशाने झाडून बोटांचे ठसे कसे उठवतात, ते मी टक लावून पाहिले. (सुंदरम्मा मध्येच चिवडा घेऊन आली तेव्हा मी तिला 'पुढून सर' म्हणाले, ते तिने मनावर घेऊ नये.) नेमका खुनी कळायच्या वेळी पडद्यावर मुंग्या आल्या. तरी माझा संशय शेठच्या धाकट्या भावावरच. सगळ्यांत जास्त चौकशी तोच करत होता.

पुण्याहून परत येऊन घरात पाऊल टाकते तो काय, सासूबाईंचा पितळी अडकित्ता गायब! तोच, पोपटाच्या चोचीचा, वर 'गुरम्मा' असे त्यांचे नाव कोरलेला, त्यांनी लग्नात दुधनीहून, माहेराहून आणलेला. मामंजींनी कधी ऐकले नसेल इतके त्या अडकित्त्याने त्यांचे ऐकले आहे. तू मला न्यायला आलास त्या दिवसापासून तो दिसलेला नाही. आणि आळ कोणावर, तर भांडी घासणाऱ्या बसव्वावर! सासूबाईंनी चार शेजारणींच्या देखत तिला सांगितले, उद्यापासून येऊ नको. पण बसव्वा ती बसव्वाच. ती रोज येऊन उंबऱ्याबाहेर बसायला लागली. म्हणाली, "चोर म्हनून ह्या दारातनं गेले तर दुसऱ्या दारात कोन घील मला? नाव धुऊन द्या, मग जाते की." माझी दोन्ही बाळंतपणे या बाईने काढली आहेत, मल्लू. मी पदर खोचला आणि सर्वांना सांगून टाकले की चोर सापडेपर्यंत या घरात शेंगाचटणी कुटली जाणार नाही. तोवर 'बायकांचे भांडण' म्हणून पेपरात तोंड घालून बसलेले आमचे हे ताडकन उठले आणि चादरींचे सूत मोजायचे कारखान्यातले भिंग त्यांनी माझ्या हातात ठेवले.

भिंग झाले, आता भुकटी हवी. पीठ घ्यावे तर मुंग्या, राखेने डबा चकचकीत होतो. मग सुचली देवघरातली विभूती. यांच्या दाढीचा ब्रश घेतला (धुऊन ठेवला आहे) आणि सासूबाईंचा पितळी पानाचा डबा असा माखला, की त्या डगलेवाल्यांनी शाबासकी दिली असती. ठसे उठलेही. पण जरा भिंग पुसायला आत गेले, तेवढ्यात सासूबाई आल्या. अंगभर विभूती ल्यालेला डबा त्यांनी पाहिला, "अय्यो शिवने!" म्हणाल्या आणि दोन्ही हात जोडून मटकन खाली बसल्या. त्यांना वाटले, अडकित्ता गेला म्हणून देवानेच डब्याला दर्शन दिले. मी बाहेर येईपर्यंत डब्याला पाण्याने आंघोळ, वर तीन बोटांचे पट्टे, एक झेंडूचे फूल आणि समोर एक शेजारीण नारळ घेऊन उभी. माझे सगळे पुरावे तीर्थ म्हणून वाटले गेले. मीही घेतले. डबा आता देवघरात आहे आणि आम्ही पान कागदातून खातो.

पण मी हटणारी नव्हे. तुला ठाऊक आहे, पानाला चुना लावला की उरलेला बोटाने खांबाला पुसायचा, ही आमच्या ओसरीची रीत. मी कितीही बोंबलले तरी मोडत नाही. मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली. सासूबाईंचा चुना बसल्या हाताला, यांचा खांद्याशी. भिंग घेऊन खांबाला नाक लावले तर खुर्चीच्या उंचीवर एक नवाच फराटा. बोट आखूड, टोकाला तिरके तुटलेले. तू शाळेत असताना सायकलच्या चेनमध्ये सापडून शेंडा गेलेले तुझे बोट फडक्यात गुंडाळून मीच तेव्हा तुला घेऊन दवाखान्यात धावले होते, मल्लू. ते बोट मी आंधळी झाले तरी ओळखेन.

मागे वळून बघते तर बसव्वा ओला बोळा घेऊन उभी. तिनेही ओळखले होते, त्या दिवशी चहा देताना तिने तुझ्या बोटाची चौकशी केली होती ना! हळूच म्हणाली, "पुसून टाकते, ताई. माहेरची बात हाय. तुमाला ह्या घरात ऱ्हायचंय, माझं काय, कुटंबी भांडी घासीन." नाव धुवायला उंबऱ्यावर बसलेली बाई माझ्यासाठी स्वतःच्या सुटकेचा पुरावा पुसायला निघाली होती. मला रडूच आले. मी बोळा तिच्या हातातून हिसकावून घेतला आणि त्या फराट्यावर कॅलेंडर टांगले. (खांबाला कॅलेंडर कशाला, असे सासूबाई दोनदा विचारून गेल्या.)

तू चोर नाहीस, हे मला माहीत आहे. बोलता बोलता हातातली वस्तू खिशात घालायची तुझी खोड जुनीच, तसा पान लावताना अडकित्ताही गेला. पण तुझ्या विसरण्याची शिक्षा तिने का भोगायची? बाकी सर्व ठीक. बाळीला गोड पापा.

तुझी थोरली बहीण,
दाक्षायणी

ता. क. : येत्या रविवारी अडकित्ता घेऊन स्वतः ये. कोणाच्या हाती पाठवायचा नाही आणि 'ताई, गुपचूप फडताळात ठेवून दे' असे तर लिहायचेच नाही. आळ शेजारणींच्या देखत आला, तो त्यांच्याच देखत उतरेल. बसव्वासमोर उभा राहा आणि आपल्या तोंडाने सांग. माझी मान खाली जाईल, जाऊ दे. लग्नापासून ताठ ठेवून ती दुखायला लागली आहे.

आणखी ता. क. : न आलास तर कॅलेंडर काढीन.

शेवटचे ता. क. : शेठचा खुनी कोण निघाला ते शेजाऱ्यांना विचारून ये. आणि एक. आपण पुण्याला येताना कुर्डुवाडी सुटल्यावर तू गाडीत मला सुपारी कातरून दिलीस. मी ती दौंडपर्यंत चघळली आणि 'अडकित्त्याला धार झकास आहे रे' असे वर म्हणालेही. पोपट माझ्याकडेच बघत होता. हे सासूबाईंना सांगायचे नाही. बसव्वाला मी सांगितले. उंबऱ्यावर बसल्यापासून ती पहिल्यांदा हसली.