चावी मागितल्याची गोष्ट

आई, परवा तुझी गोष्ट पुन्हा सांगितली. गुडगावला, अधिकाऱ्यांच्या बैठकीत, माइकवर, हिंदीत. अकरा मिनिटं लागतात. पूर्वी वीस लागायची, कारण मध्येच कुठेही थांबायचे. आता थांबते ते ठरलेल्या जागी, आणि तेव्हा मनात परतीची मेट्रो किती वाजता आहे असलं काहीतरी चालू असतं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्यातली गेली सहा मी एका छोट्या संस्थेत काम करतेय. बाजारांत, कार्यालयांत, कारखान्यांत बायकांसाठी बाथरूम असावं म्हणून आम्ही अर्ज देतो, साहेबांना भेटतो. सुरुवातीला मी नकाशे आणि आकडे घेऊन जायचे. साहेब चहा पिता पिता ऐकायचे आणि फाइल बाजूला सरकवायचे. मग लोकांपुढे कसं बोलायचं ते शिकवायला एक बाई आल्या. म्हणाल्या, "आँकड़े किसी को याद नहीं रहते. आपके अपने घर में किसी के साथ ऐसा हुआ है?" मी म्हटलं, माझ्या आईच्या बाबतीत. त्या म्हणाल्या, "बस, वही बताइए."

मी सांगते ते असं. मी नऊ वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे, दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझ्याजवळ थांबायला कोणी नाही, म्हणून तू मला ऑफिसात घेऊन आली आहेस. तू टायपिस्ट. खोलीत सगळे पुरुष, आणि तुम्ही दोघी बायका. बायकांचं बाथरूम इमारतीच्या मागे, कुलूप लावलेलं, आणि चावी बडे बाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, टेबलावर, लाकडी पट्टीला बांधलेली. जिला जायचं असेल तिनं सगळ्यांच्या देखत ती मागून न्यायची. म्हणून सकाळचा चहा घेऊन निघालीस की संध्याकाळी घरी येईपर्यंत तू पाण्याचा घोट घ्यायची नाहीस. तुझ्या टेबलावर पेला होता, तो कायम पालथा. एवढं सांगितलं की हॉल शांत होतो. मग सांगते की त्या दिवशी मला जायचं होतं आणि तू म्हणालीस, "जा, तू माग चावी. लाजायचं नाही." आणि नऊ वर्षांची मी उठून गेले आणि मागितली. इथे थांबायचं असतं.

तू असं काही म्हणाली नव्हतीस. "थोडा वेळ धर," म्हणाली होतीस, दोनदा. मला धरवेना, म्हणून तुला न विचारता मी उठले आणि मोठ्यानं म्हटलं, "अंकल, चाबी दे दो, मम्मी को भी जाना है." सगळे हसले. लहान मुलीच्या बोलण्याला हसतात तसेच हसले, वाईट काही नव्हतं त्यात. पण तू मान वर केली नाहीस, टाइप करत राहिलीस. घरी आल्यावर कुकर लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माझ्याबद्दल चारचौघांत असलं काही पुन्हा बोलायचं नाही. कळलं?" मी "हो" म्हटलं.

तुझ्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की कारणं बरीच असू शकतात, सारखं होणारं इन्फेक्शन, बीपी. मी माइकवर बीपीचं नाव काढत नाही.

आणि काम होतं, आई, हे खरं आहे. पूर्व दिल्लीतल्या एका बाजारात तुझी गोष्ट ऐकून एका साहेबांनी चार महिन्यांत बाथरूम बांधून दिलं. उघडं असतं, चावी नाही. मी बघायला गेले तेव्हा एक भाजीवाली पदराला हात पुसत बाहेर येत होती. मी विचारलं, "कैसा है?" ती म्हणाली, "ठीक है. अब दोपहर में पानी पी लेती हूँ." आणि गेली आपल्या गाड्याकडे. मला आनंद व्हायला हवा होता. मी फोटो काढला, ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, आणि मयूर विहारला घरी येऊन भाजी चिरायला घेतली.

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या तुझ्या शेजारच्या टेबलवाल्या आंटी घरी आल्या. त्यांच्या सुनेनं माझ्या भाषणाचा व्हिडिओ त्यांना दाखवला होता. सोफ्यावर बसल्या, चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाल्या, "बीस साल साथ बैठे हम. पानी मैं भी नहीं पीती थी. न उसने कभी कहा, न मैंने." मी विचारलं, "आंटी, हे असं सगळ्यांना सांगते ते तिला..." त्यांना मराठी कळत नाही हे बोलता बोलता लक्षात आलं. पुन्हा विचारलं, "उन्हें बुरा लगता?" त्यांनी कप खाली ठेवला. "लगता, बेटा. बहुत लगता." ते ऐकून माझ्या आत काहीतरी हलेल असं वाटलं होतं. नाही हललं. मी बिस्किटांची बशी पुढे केली. जाताना त्यांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं, आणि घरात आम्ही दोघीच होतो तरी विचारताना त्यांचा आवाज खाली गेला.

आता पोस्टर छापायचंय, त्यासाठी संस्थेला तुझा फोटो हवाय. तुझे फोटो फार नाहीतच. एक आहे, ऑफिसच्या कुणाच्या तरी निरोप समारंभातला. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तू हातातल्या समोशाकडे. हे पत्र कुठे जाणार नाही, मला माहीत आहे. तुला विचारल्याशिवाय फोटो द्यायचा नाही, म्हणून लिहायला बसले, असं आज दिवसभर मनाशी म्हणत होते. फोटो मी सोमवारीच पाठवलाय.