एकच आहे, जपून ठेव

२५ सप्टेंबर १९३७, शनिवार. कळसाडी.
आज घरी पोचलो. शहाद्यापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. गाडीत मी आडवा, डावा पाय गोणपाटांच्या ढिगावर उंच. गावात शिरलो तशी पारावरची माणसं उठून उभी राहिली. (मागाहून कळलं, गाडीत मयत आहे असं वाटलं त्यांना.) तरी उभी राहिली हे खरं.

नोंद असावी म्हणून लिहितो. दुखापत मॅचमध्येच झाली. मध्यंतर हा मॅचचाच भाग असतो. मध्यंतरात मोसंबीच्या सालीवरून पाय घसरला आणि गुडघा मुरगळला. साल प्रतिपक्षाने टाकली असणार. मोसंबी खाणारा तिथे मी एकटाच होतो, हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

मी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर. राखीव. राखीव म्हणजे राखून ठेवलेला. माणूस चांगली वस्तूच राखून ठेवतो.

शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, मोडलेलं काही नाही, नुसती लचक. तीन आठवडे उडी मारायची नाही, आणि रोज पाय सरळ ठेवून वीस वेळा वर उचलायचा. फायनल नोव्हेंबरअखेर. वेळ भरपूर.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. पाय वीसऐवजी चाळीस वेळा उचलणे. गोड बंद. फायनलला पहिल्या पाचांत उतरणे.

ट्रंकेत चेंडू निघाला. कॉलेजचा. मीच घातला होता. विलायती, कोरा करकरीत. मी नसताना तिथे त्याचा उपयोग तरी काय? कॅप्टन रेगेला विचारायचं राहून गेलं. पण रेगे समजूतदार आहे.

२६ सप्टेंबर.
सव्वानऊला उठलो. प्रवासाचा शीण. पाय चार वेळा उचलला. घाईघाईने चाळीस वेळा उचलण्यापेक्षा मनापासून चार बरे.

मायने डिंकाचे लाडू केलेत. म्हणाली, "खाई ले बेटा, हाडले ताकद येस." हे गोड नव्हे, औषध. तीन खाल्ले.

२९ सप्टेंबर.
गावात सगळ्यांना माझी काळजी. आमच्याकडे गुडघ्याला टोंगया म्हणतात. सकाळपासून अंगणात जो येतो तो विचारतो, "टोंगया कसा शे?" शेजारची धनुबाई तर दिवसातून तीनदा. पुण्यात एवढी विचारपूस झाली नव्हती. खेळाडूची किंमत शेवटी मातीतल्या माणसालाच कळते.

उखाकाकांनी मात्र विचारलं नाही. वडील गेल्यापासून शेती तेच बघतात, माझं शिक्षणही तेच करतात. ते एवढंच म्हणाले की औंदा कापूस चांगला फुटलाय आणि वेचायला माणसं कमी आहेत. मी म्हणालो, खरंय, माणसं मिळत नाहीत हल्ली. विषय संपला.

१ ऑक्टोबर.
ट्रेनिंग सुरू. खळ्यातल्या निंबाला केळीची टोपली बांधून घेतली, दहा फुटांवर, नियमाप्रमाणे. बूड कापून. समोर बाज टाकली. बाजेवर बसून नेम साधायचा, म्हणजे गुडघ्याला विश्रांती आणि मनगटाला व्यायाम. असं ट्रेनिंग पुण्यात कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

बत्तीस वेळा फेकला. एकदाही गेला नाही. वारा होता. चेंडू आणून द्यायला धनुबाई होती. बत्तिसाव्या वेळी ती म्हणाली, "ऊठीसन लेवाले काय व्हयनं तुले?" बाईमाणसाला खेळातलं कळत नाही.

२ ऑक्टोबर.
काल दिवसभर उखाकाका बाजूला उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलंच, "टोपलीले बूडच नही, मंग चेंडू ऱ्हाई कसा?" मी समजावून सांगितलं की तो राहायचा नसतोच, खाली पडायचा असतो. काकांनी विचारलं, खालीच पाडायचा तर वर टाकायचा कशाला? या प्रश्नाला उत्तर आहे. ऐनवेळी आठवलं नाही.

३ ऑक्टोबर.
सकाळी बघतो तर टोपलीला नवं बूड! काकांनी माझ्या आधी उठून, शिडी लावून, सुतळीने घट्ट विणून दिलंय. पोराचा चेंडू सारखा खाली पडतो, वाईट वाटतं, म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं. कापा म्हणायचा धीर झाला नाही.

पहिलाच नेम बसला! चेंडू आत गेला आणि आतच राहिला. शिडी केळीच्या मळ्यात गेली होती. आजचं ट्रेनिंग समाप्त. एक फेक, एक गोल. शंभर टक्के.

५ ऑक्टोबर.
चुनीलालचं कार्ड. हा शहाद्याचा, माझ्याच वर्गात. घरी व्यापार, त्यामुळे कार्डावरसुद्धा शब्द मोजून टाकतो. लिहितो: "रेगे रोज विचारतो. परत कधी येणार? त्याच्यावाचून सराव नीट होत नाही. आपल्याकडे एकच आहे, जपून ठेव."

चार वेळा वाचलं. मायला वाचून दाखवलं. उखाकाकांना दोनदा. एकच आहे! रेगे तोंडावर कधी असं बोलला नसता. जपून ठेव म्हणजे अर्थात गुडघा.

लगेच उलट कार्ड टाकलं, की मी जिवापाड जपतो आहे, निर्धास्त राहा.

९ ऑक्टोबर.
काकांच्या मोठ्या काट्यावर कापूस तोलत होते. गंमत म्हणून बसलो. दोन मणांच्या वर गेलो. पुण्यात इतका नव्हतो. ही गुडघ्यातली सूज.

खेळायची हाफपँट घालून पाहिली. बटण तुटून पार गव्हाणीत गेलं. मायने गरम पाण्यात धुतली असणार, कापड आटलंय.

१२ ऑक्टोबर.
पाय उचलला नाही. सूज असताना उचलू नये.

१४ ऑक्टोबर, दसरा.
गावभर सोनं वाटत फिरलो. आल्यावर काका म्हणाले, "सकायले डावा पाय व्हता, आते उजवा कसा लंगडी ऱ्हायना?"

दुखणं असं या पायातून त्या पायात सरकतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? मी शांतपणे डाव्या पायाने लंगडत आत गेलो.

१६ ऑक्टोबर.
दुसरं कार्ड. "रेगे विचारतो, हवा टिकून आहे ना? बोटाने दाबून बघ. वरचं कातडं थोडं सोललं तरी चालेल, आतलं फाटता कामा नये. उन्हात ठेवू नको. कळव."

हवा टिकून आहे ना, म्हणजे उमेद आहे ना! काय शब्द वापरतो माणूस! आणि ज्ञान केवढं. आतलं फाटता कामा नये, हे तर शहाद्याचे डॉक्टरही बोलले नव्हते. बोटाने दाबून पाहिलं. बोट बरंच आत गेलं. तसं कळवलं. हवा उत्तम आहे, हेही कळवलं. बाज निंबाखालून उचलून ओसरीत घेतली, ऊन नको म्हणून.

चेंडू टोपलीतच आहे. शिडी मळ्यातच आहे.

१९ ऑक्टोबर.
शहाद्याला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, गुडघा ठणठणीत बरा आहे, आठवड्यापूर्वीच झाला असावा. उडी मारून बघा. मी म्हणालो, घरी जाऊन मारतो. इथे फरशी निसरडी आहे.

घरी आलो. निंबाखाली उभा राहिलो. वर टोपली. माय बघत होती, धनुबाई बघत होती. म्हैससुद्धा. मी म्हणालो, आज तिथी बरी नाही.

खरं लिहायचं तर भीती वाटते. फार वाटते. उडी मारली आणि गुडघा दगा देऊन बसला तर? तर मी कोण? कळसाडीचा एक पोरगा, काकांच्या कमाईवर पुण्यात राहणारा. उडी मारत नाही तोवर मी टीमचा सेंटर आहे. रेगे वाट बघतो आहे. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे मला आजवर कधी ठाऊक नव्हतं.

(हा परिच्छेद खोडणे.)

२५ ऑक्टोबर.
तिसरं कार्ड. "रेगे घाबरलाय. बोट आत जातं म्हणजे वाईट. पाण्यात बुडवून बघ. तेल अजिबात लावू नको, कातडं मऊ पडतं. दिवाळीनंतर तो स्वतः न्यायला येतो."

स्वतः न्यायला येतो!

माय रोज तिळाचं तेल चोळते. आज तिला म्हणालो, बंद कर, कॅप्टनची मनाई आहे. ती रुसली. म्हणाली, त्याच्या मायने त्याला कधी तेल लावलं नसेल, म्हणून सांगतो. दुपारभर घंगाळात पाय बुडवून बसलो. हलका वाटला. रेगे बुद्धिमान आहे.

गावात आपोआप बातमी पसरली. मी फक्त अकरा जणांना सांगितलं होतं.

२८ ऑक्टोबर.
नवे संकल्प. रेगे येईल त्या दिवशी त्याच्यासमोरच पहिली उडी. तोवर शक्ती राखून ठेवणे. त्यासाठी पाय उचलणे पूर्ण बंद.

काका म्हणाले, वेचणी निम्मी पण झाली नाही, बोंडं जमिनीला लागली. मी त्यांना कार्ड पुन्हा वाचून दाखवलं. ते ऐकून घेतात बिचारे. मग म्हणाले, एवढ्या लांबून माणूस येतोय तर शेवटी तुझ्यात काहीतरी असेल. हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो.

५ नोव्हेंबर, भाऊबीज.
चुनीलाल दिवाळीला घरी आलाय, त्याचा निरोप. रेगेची बहीण धुळ्याला दिलीय, भाऊबीज उरकून तो परवा इकडे येतो. बहिणीचं निमित्त. मला ओशाळं वाटू नये म्हणून काढलेलं.

मायने उद्या रात्रीच पुरण वाटून ठेवायचं ठरवलंय. खापरावरचे मांडे. ट्रंक भरून तयार. हाफपँटला बटणाऐवजी नाडी.

७ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.
ते दोघे दहाला आले, रेगे आणि चुनीलाल. खळ्यात निम्मं गाव. मी बाजेवर, पाय उशीवर.

रेगेने आल्या आल्या विचारलं, कुठे आहे? मी हात वर केला, हा काय, इथे. त्याने माझ्या मागे पाहिलं, बाजेखाली पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं. मग म्हणाला, अरे तू नाही रे, चेंडू!

काय ऐकलं ते मला आधी कळलंच नाही. चुनीलाल म्हणाला, तीन कार्डं टाकली की मी, एकच आहे, जपून ठेव म्हणून. वर बघत मी बोट दाखवलं. रेगे म्हणाला, ऊन-दवात? एक महिना? टोपलीला बूड? उखाकाका पुढे होऊन अभिमानाने म्हणाले, बूड मी लावलं.

शिडी मळ्यात. रेगे कासावीस. मला काय वाटलं कुणास ठाऊक. उठलो, चार पावलं पळालो आणि उडी मारली. हाताचा पंजा खालून टोपलीला लागला आणि चेंडू उसळून बाहेर पडला. मी दोन्ही पायांवर खाली आलो. गुडघा टिकला! जराही कळ नाही. आयुष्यात इतका उंच मी कधी गेलो नव्हतो.

रेगेने पाहिलं नाही. तो चेंडू झेलत होता.

त्याने चेंडू दोन्ही अंगठ्यांनी दाबला. कानाशी नेला. जमिनीवर आपटून पाहिला. मग पोटाशी धरून म्हणाला, हवा आहे रे, जिवात जीव आला. मायने केलेले मांडे दोघांनी पोटभर खाल्ले. चेंडू रेगेच्या मांडीवर.

निघताना मी विचारलं, सेंटरला कोण आहे सध्या? म्हणाला, पाध्ये, चांगला जमलाय. मी म्हणालो, माझा गुडघा आता बरा आहे. त्याने विचारलं, का, काय झालं होतं? मग त्याला आठवलं. मोठ्याने हसला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ये की फायनलला, मध्यंतरात मोसंबी कापून द्यायला कुणीतरी लागतंच. मनाचा वाईट नाही तो.

गाडी वळेपर्यंत उभा होतो. लोक एकेक करून पांगले. मायने ट्रंक आत नेली.

काकांनी मात्र उडी पाहिली होती. माझ्याजवळ आले, गुडघ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "टोंगया बरा शे ना?" हो म्हणालो. तर म्हणाले, "मंग सकाय वावरमा चाल."

८ नोव्हेंबर.
पाचला उठलो. उठवलं.

काकांनी निंबावरची टोपली सोडून माझ्या हातात दिली. बूड पक्कं आहे, कापूस गळत नाही. दुपारपर्यंत तीन ओळी वेचल्या. धनुबाईच्या अकरा झाल्या होत्या.

वाकून वाकून आता गुडघा दुखतो आहे. डावाच. खरंच दुखतो आहे. आज दिवसभरात कुणी विचारलं नाही.