किरण लागलेलं पाकीट

तीर्थरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असावी. माझी उत्तम आहे. घरी बसवलेल्या माणसाला विश्रांती भरपूर मिळते.

एकोणीस वर्षं मी कारखान्याची शीतखोली सांभाळली. (मी स्वतः मांस खात नाही, पण खाणाऱ्याच्या पोटाला बाधा होऊ नये, एवढं देवापाशी मागूनच रोज ते दार उघडत आलो.) मग किरणांचं यंत्र आलं. पाकीटबंद मांसातले जंतू किरणांनी मरतात, हे खरं. पण सगळे मरत नाहीत, आणि उरलेल्यांना ऊब मिळाली की त्यांचं पुन्हा गोकुळ होतं. एवढंच मी बोललो, तर तुम्ही व्यवस्थापकाच्या खुर्चीतून सगळ्यांदेखत म्हणालात, "अरे, जंतू मेले! आता थंडी काय त्यांच्या भुतांना?" सगळे हसले. मीही हसलो (साहेबांच्या विनोदाला हसणं नोकरीतच मोडतं). वीज वाचवायची म्हणून शुक्रवारी तुम्ही शीतखोली बंद करायला लावलीत, आणि खरेदीदारांना चमत्कार दाखवायला एक पाकीट स्वतःच्या टेबलावर मांडलंत. शनिवारी ते जरा बाळसेदार दिसलं. मंगळवारच्या बैठकीपर्यंत त्याची उशी झाली होती, आणि तिच्यावर तुम्ही मोठ्या विश्वासाने थाप मारलीत. मोठ्या खरेदीदाराचा कोट गेला, तुमचा चष्मा फुटला, खोलीतला सगळा माल खड्ड्यात पुरावा लागला.

तिथवर मी हसलोही असतो. पण खोली चालू करायला मीच विसरलो, असं तुम्ही मालकांना सांगितलंत. भाऊजी, मी एखाद्या दिवशी देवापुढे दिवा लावायला विसरलो असेन, पण त्या खोलीचं तापमान बघायला कधी विसरलो नाही. नोंदवहीत तुमच्याच अक्षरात हुकूम आहे: "शीतखोली बंद ठेवावी." खाली सही. वही माझ्याकडे आहे. ती दाखवली तर तुमची नोकरी जाईल आणि झळ ताईला बसेल, म्हणून तोंड शिवून बसलोय. ताईला यातलं अक्षरही कळू नये.

आपला,
विसराळू मेहुणा

ता. क. सोमवारी चौकशी आहे. तिथे तुम्ही आपणहून खरं सांगावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी एक ता. क. चष्मा अजून दुरुस्त होऊन आला नसेल, म्हणजे हे पत्र तुम्हाला ताईच वाचून दाखवत असणार. ताई, एकही ओळ गाळू नकोस. सोमवारी यांच्यासोबत तूही ये. वही मी आणतो. उघडायची की नाही, ते तू सांग.